जर, नातर, बस

आमच्या कालव्याच्या शेवटच्या चारीला अकरा दिवस पाणी गेलं नाही, आणि ते माझ्यामुळे गेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वेळी मी ते मोठ्याने बोलले म्हणून ऑफिसात मला झाडलं गेलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतून सुप्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं खडी फोडताना दिसायची, बायका जास्त. धरणात जे काय उरलं होतं ते माणसांना आणि जनावरांना पिण्यापुरतं कालव्यातून सोडायचं होतं. कालव्याला फुटणाऱ्या लहान पाटाला आमच्याकडे चारी म्हणतात. कोणत्या चारीला कोणत्या दिवशी किती तास पाणी, याचं पाळीपत्रक नगरचं आमचं ऑफिस काढायचं. पूर्वी ते दोन कारकून आठवडाभर बसून करत. मग खात्यातल्या वरच्या कुणाच्या तरी मनात आलं की हे काम कॉम्प्युटरवर करून बघावं. पुण्याच्या एका कॉलेजात मशीन आलं होतं, त्यावर आम्हाला दर गुरुवारी दोन तास मिळाले. गणितात एम.एस्सी. झालेली, नगरचीच एका शाळामास्तरांची मुलगी म्हणून मला नोकरी मिळाली. प्रोग्राम लिहिणारी मी एकटीच होते.

त्या मशीनला फोर्ट्रान ही एकच भाषा कळायची, आणि तीही जुनी. 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' हे तिच्यात सरळ लिहिता येत नसे. एक आकडा द्यायचा आणि पुढे तीन क्रमांक. आकडा उणे निघाला तर पहिल्या क्रमांकाच्या ओळीवर उडी, शून्य निघाला तर दुसऱ्या, अधिक निघाला तर तिसऱ्या. सगळा प्रोग्राम म्हणजे अशा उड्याच उड्या. चारशे ओळींत दीडशे उड्या. मी एका ठिकाणी २६० लिहायचं ते २९० लिहिलं. २६० म्हणजे 'या चारीचे तास काढ.' २९० म्हणजे 'यादी संपली, छाप.' शेवटच्या चारीचा नंबर आला की मशीन हिशोब न करताच छापायला लागायचं. पत्रक छापून आलं, साहेबांनी सही केली, फळ्यावर लागलं. त्यात शेवटची चारी नव्हतीच.

अकराव्या दिवशी तिकडची सहा माणसं ऑफिसात आली. सगळ्यांत पुढे एक उंच म्हातारा होता, पायात वहाण नाही. आमचे साहेब, म्हणजे ऑफिसचे प्रमुख इंजिनिअर, खुर्चीवरून उठलेही नाहीत.

"साहेब, कागदावर आमची चारी हाय का न्हाई ते सांगा," म्हातारा म्हणाला. "आमी धा येळा वाचून घेतला कागद. मास्तरकडनं बी वाचून घेतला."

"हे आता माणसं ठरवत नाहीत," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरने काढलंय. मशीनला तुमचं-आमचं काही नसतं. पाणी कमी आहे, शेवटी कुठंतरी तोडावंच लागतं."

मी दारातच उभी होते. तोपर्यंत मला ती चूक सापडली होती. सकाळीच. मी म्हणाले, "साहेब, मशीनने काही ठरवलेलं नाही. माझी चूक झाली आहे. एका ओळीत चुकीचा क्रमांक पडलाय. आजच्या आज हाताने तास काढून देते."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. "म्हंजे पाणी हुतं?"

"होतं," मी म्हणाले.

तो तिथेच जमिनीवर बसला. बाकीचेही बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी टेबलाशी बसून अर्ध्या तासात त्या चारीचे तास काढले, साहेबांना सही करावी लागली, माणसं गेली. ती गेल्यावर साहेबांनी दार लावलं आणि मला झाडलं. बाहेरच्या लोकांसमोर ऑफिसची चूक कबूल करायची नसते, म्हणाले. मशीनवर ढकललं की मशीनशी कुणी भांडत नाही. तुम्हाला नोकरीची गरज नसेल, मला आहे.

मला राग त्यांचा आला, पण त्याहून जास्त आला त्या तीन क्रमांकांचा. माणसाने चूक केली तर ती डोळ्याला दिसावी अशी लिहायची सोयच त्या भाषेत नव्हती. २६० आणि २९०. माझ्या जागी कुणीही असतं तरी वाचताना त्यावरून पुढे गेलं असतं.

पुण्याच्या त्या कॉलेजच्या लायब्ररीत मी वाचलं होतं की परदेशात अशा भाषा आहेत ज्यांत उड्या माराव्या लागत नाहीत. आपल्या मशीनला त्या येत नव्हत्या. मग मी ठरवलं, आपण आपल्याला हवं तसं लिहायचं आणि त्याची फोर्ट्रान करून देणारा एक प्रोग्राम मशीनवरच चालवायचा. उड्या मशीनने मोजाव्यात, क्रमांक मशीनने घालावेत. अशा प्रोग्रामला प्रीप्रोसेसर म्हणतात हे मला नंतर कळलं. मी त्याला दुभाष्या म्हणायची.

शब्द माझेच ठेवले. प्रोग्रामची एकेक ओळ भोकं पाडून पुठ्ठ्याच्या एकेका कार्डावर घालावी लागायची आणि कार्डावर फक्त इंग्रजी मोठी अक्षरं पडायची, म्हणून त्या अक्षरांत 'जर', 'नातर', 'जोवर' आणि 'बस'. 'जोवर' म्हणजे अट खरी असेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा; 'जर'ने किंवा 'जोवर'ने सुरू झालेलं 'बस'ने संपायचं. साहेबांनी कागद बघितला आणि हसले. "हे काय गावठी? उद्या वरून कुणी आलं तर काय दाखवायचं, बस?"

"वरून येणाऱ्याला इंग्रजी येतं, साहेब. फोर्ट्रान येते का?" मी विचारलं. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

दुभाष्या लिहायला चार महिने लागले, आणि तो मला त्याच उड्यांच्या फोर्ट्रानमध्ये लिहावा लागला, कारण दुसरं काही नव्हतंच. एका वेळी एक कार्ड वाचायचं, त्यातलं एकेक अक्षर सुटं करायचं, शब्द ओळखायचा, 'जर' दिसला की दोन नवे क्रमांक राखून ठेवायचे, 'बस' दिसला की त्यातला शेवटचा खाली उतरवायचा. क्रमांक मी नऊ हजारांपासून सुरू केले, म्हणजे माझे आणि मशीनचे एकमेकांत मिसळायला नकोत.

कार्डं पाडायचं काम ताईंकडे होतं. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, मिशनच्या शाळेत टायपिंग शिकलेल्या, नवरा गेल्यावर नोकरीला लागलेल्या. पंचिंगची लोखंडी मशीन ऑफिसच्या मागच्या खोलीत होती आणि ती सुरू झाली की खिडकीची तावदानं थरथरायची. दोन वर्षं त्यांनी माझी फोर्ट्रान पाडली होती आणि कधी एक शब्द विचारला नव्हता. कुणी सांगितलंच नव्हतं की विचारायचं असतं.

नव्या पद्धतीने लिहिलेला पाळीपत्रकाचा प्रोग्राम मी त्यांना दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"बाई, मला कळत नाही यातलं. पण इथे जर आहे, इथे जर आहे आणि बस एकदाच आहे. एक जर तसाच राहिला का?"

राहिला होता. गुरुवारी पुण्याला जाऊन, दोन तासांतला पाऊण तास घालवून मला जे कळलं असतं, ते ताईंनी खिडकीशी बसून सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरा आनंद झाला आणि लगेच संतापही. ही बाई दोन वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत होती. पण त्या जुन्या भाषेत तो २९० तिला कसा दिसणार होता? मलाच दिसला नव्हता.

मग मी दुभाष्याच पुन्हा लिहिला, त्याच्या स्वतःच्या भाषेत. जर, नातर, जोवर, बस. तो जुन्या दुभाष्याला दिला, त्याने फोर्ट्रानची कार्डं काढली. त्या कार्डांवरून तयार झालेल्या नव्या दुभाष्याला पुन्हा तोच मजकूर दिला, त्यानेही कार्डं काढली. दोन्ही गठ्ठे अगदी सारखे यायला हवेत. ते तपासायला मशीनचा वेळ नव्हता. ताई आणि मी नगरला खिडकीशी उभ्या राहून एकावर एक दोन कार्डं धरत होतो आणि भोकातून उजेड येतो का बघत होतो. सहाशे कार्डं. एकही भोक बुजलेलं निघालं नाही.

आणि नेमकं तेव्हा पुण्याचं मशीन बंद झालं. कॉलेजने बाहेरच्या लोकांना वेळ देणं थांबवलं. खात्याने मुंबईच्या एका संस्थेत व्यवस्था केली, तिथे नवं मोठं परदेशी मशीन होतं. आता सगळं तिकडे न्यायचं आणि तिथे चालवून दाखवायचं.

"मुंबईला बाईमाणसाला एकटं कसं पाठवायचं?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी एका ज्युनिअर इंजिनिअरला पाठवलं. मुलगा गरीब होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण दुभाष्या काय आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याला सांगायला साहेबांनी मला एक दुपारसुद्धा दिली नाही. तो तीन दिवसांनी परत आला, छापील कागदांचा गठ्ठा काखेत. कागदांवर दर ओळीत चुका. माझे सगळे कंस टक्क्याच्या चिन्हांसारखे छापून आले होते, बरोबरची चिन्हं भलतीच झाली होती.

"बघा तुमची गावठी भाषा," साहेब म्हणाले. "मुंबईच्या मशीनने थुंकून टाकली."

ते भाषेचं नव्हतंच. आमची पंचिंग मशीन जुनी होती. ती कंसाला ज्या जागी भोकं पाडायची, त्या भोकांचा अर्थ नव्या मशीनवर टक्का होता. हे कागद बघून पाच मिनिटांत कळत होतं, पण बघायला कळणारं माणूस पाठवायला हवं होतं. मी साहेबांना म्हणाले, "मी जाते. माझी भाषा आहे, मीच जाते." त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं, सोबत कोण, राहणार कुठे. ताई दारातून म्हणाल्या, "मी जाते त्यांच्याबरोबर. भायखळ्याला माझी बहीण आहे." साहेबांनी प्रवासभत्त्याचा फॉर्म पुढे ओढला.

मुंबईत आम्ही बारा दिवस होतो. दुपारी दोन ते चार आमची वेळ. कंसांचा प्रश्न ताईंनी सोडवला. तिथल्या नव्या पंचिंग मशीनवर बसून त्यांनी दुभाष्याची सगळी कार्डं पुन्हा पाडली, चार दिवसांत, एक चूक न करता; पुढे नगरहून येणाऱ्या कार्डांवरचा टक्का कंस म्हणून वाचायचं मी दुभाष्यालाच शिकवलं. माझा प्रश्न अवघड होता. शब्द पटकन ओळखता यावेत म्हणून मी दुभाष्यात शब्दांची यादी क्रमाने लावली होती आणि कोणतं अक्षर आधी, कोणतं नंतर, हे वजाबाकी करून ठरवत होते. मशीन अक्षरही आकडा म्हणूनच साठवतं, आणि जुन्या मशीनवर तो आकडा नेहमी अधिक असायचा. इथे अक्षरांचे आकडे उणे निघाले, वजाबाकी मशीनच्या मर्यादेबाहेर गेली आणि क्रमच उलटापालटा झाला. दुभाष्या 'जर' ओळखायचा पण 'जोवर' त्याला दिसायचाच नाही. हे शोधायला मला पाच दुपारी लागल्या. पाचव्या दिवशी मी यादीचा क्रमच काढून टाकला आणि प्रत्येक शब्द सरळ पहिल्यापासून ताडून बघायला लावला. हळू, पण कुठल्याही मशीनवर चालेल असं. तिथला एक ऑपरेटर म्हणाला, "एवढ्या मोठ्या मशीनवर एवढं साधं कशाला लिहिता?" मी म्हणाले, "उद्या तुमचंही मशीन बदलेल म्हणून."

बाराव्या दिवशी दुभाष्याने स्वतःला भाषांतर करून दाखवलं. ताईंनी मला ऑपरेटरसमोरच मिठी मारली. दुसऱ्या दिवशी आम्ही नगरला आलो आणि मागची खोली उघडली.

खोली झाडलेली होती. चुना लावलेला. भिंतीशी डब्यांची एकच रांग.

प्रत्येक प्रोग्रामच्या कार्डांचे दोन डबे असायचे. मी लिहिलेल्या मजकुराच्या डब्यावर ताईंनी लाल शाईने 'मूळ' लिहिलं होतं, मशीनने काढून दिलेल्या फोर्ट्रानच्या डब्यावर निळ्या शाईने 'तयार'. भिंतीशी फक्त निळे होते.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. "लाल डबे कुठे आहेत?"

"वरून तपासणीला येणार होते," ते म्हणाले. "दुप्पट कार्डं कशाला ठेवायची? तयार माल ठेवला, कच्चा काढला. रद्दीत."

"साहेब, ते प्रोग्राम होते."

"फोर्ट्रान ठेवलीय ना? मशीनला फोर्ट्रानच लागते. तुम्हीच म्हणता."

तयार म्हणजे काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मशीनने काढलेली फोर्ट्रान म्हणजे नऊ हजार एक, नऊ हजार दोन, नऊ हजार तीन, नुसत्या उड्या. ज्या उड्यांतून बाहेर पडायला मी चार महिने घालवले होते त्याच उड्या, त्याही माणसाने नाही, मशीनने घातलेल्या. प्रत्येक ओळीवर माझी मूळ ओळ शेरा म्हणून छापायची सोय मी दुभाष्यात केली होती. ती याच साहेबांनी बंद करायला लावली होती, कार्डांची टंचाई आहे म्हणून.

मी आणि ताई सायकलींवरून रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने हात झटकले. ट्रक परवाच भरला होता, पुठ्ठ्याच्या कारखान्याला गेला. तिथे रस्त्यातच मी रडले, आणि ताईंनी मला रडू दिलं. मला दुःख नव्हतं झालं. तो राग होता.

दुभाष्या वाचला, कारण तो आमच्याबरोबर मुंबईला होता. पाळीपत्रक आणि त्याच भाषेत लिहिलेले आणखी दोन प्रोग्राम गेले; माझे हाताने लिहिलेले कागदही त्याच सफाईत रद्दीत गेले होते.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. दोन चाऱ्यांचे तास बदलायचे होते. "एवढंच तर आहे. त्या फोर्ट्रानमध्ये हाताने बदल करा."

मी निळ्या डब्यातल्या कार्डांचा छापील कागद त्यांच्यापुढे ठेवला. "कुठे बदलू? तुम्ही बोट ठेवा, मी बदलते."

त्यांनी कागद सरळ धरला, चष्मा लावला, पान उलटलं. "हे तुमचं काम आहे, बाई."

"माझं काम तुम्ही रद्दीत घातलं. हे मशीनचं काम आहे. यात हात घालून पुन्हा एखादी चारी गेली, तर या वेळी मी कुणाला सांगू, मशीनने ठरवलं?"

"मेमो काढीन."

"काढा. त्यात लाल डबे कुणाच्या हुकमाने गेले तेही लिहा."

मेमो निघाला नाही. हाताने बदल मी केले नाहीत. तीन आठवडे ताई आणि मी मागच्या खोलीत बसून ते प्रोग्राम पुन्हा लिहिले. थोडं मला आठवत होतं, थोडं त्या उड्यांमधून उकलावं लागलं. ताई क्रमांक वाचायच्या, "नऊ हजार चौदावर जा," आणि मी बोट ठेवून शोधायची की नऊ हजार चौदा कुठे आहे आणि तिथे का जायचं होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ताई स्वतःच म्हणायला लागल्या, "हा जोवर असणार, बघा, खालून परत वर येतोय." त्या बरोबर असायच्या. त्यांच्या पगारात, हुद्द्यात, कशातच ते कधी आलं नाही. त्यांचं पद शेवटपर्यंत पंच ऑपरेटर. मी दोनदा अर्ज लिहिला की यांना प्रोग्रामिंगचं काम द्यावं. दोन्ही अर्जांवर साहेबांचा एकच शेरा: शिक्षण अपुरे. शिक्षण! नऊ हजार चौदा समोर धरून ज्यांना पान उलटण्यापलीकडे काही करता आलं नाही, त्यांनी हे लिहिलं.

पाळीपत्रक नव्या मजकुरातून निघालं, मुंबईच्या मशीनवर चाललं, वेळेवर फळ्यावर लागलं. सगळ्या चाऱ्या त्यात होत्या. मी प्रत्येक ओळ बोटाने मोजली होती. साहेबांनी सही करताना म्हटलं, "झालं ना शेवटी? उगाच एवढा त्रागा केलात." मी सही झालेला कागद उचलला आणि बाहेर आले. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि घरात माझ्या पगाराची गरज होती.

त्यानंतर मी कुणाचा हुकूम न घेता एक पद्धत सुरू केली. मुंबईहून छापील निकाल आला आणि तपासून झाला, की मशीनने काढलेली फोर्ट्रानची कार्डं दर शनिवारी ताई आणि मी स्वतः रद्दीत घालायचो. मूळ मजकुराचे दोन गठ्ठे ठेवायचो, एक ऑफिसात कुलपात, एक माझ्या घरी. लागेल तेव्हा दुभाष्या नवी फोर्ट्रान काढून द्यायचा, दहा मिनिटांत.

साहेबांना हे कळायला दीड वर्ष लागलं. दीड वर्षात त्यांनी एक डबा उघडून बघितला नव्हता. कळलं तेव्हा मेमो आला, या वेळी खरोखरचा: सरकारी मालकीची तयार फोर्ट्रान कार्डे परवानगीशिवाय का नष्ट केली याचा खुलासा करावा. मी एका ओळीत लिहिलं, की ज्या कार्डांतून ती कार्डं निघतात ती ठेवली आहेत, आणि ज्यांना फरक कळत नाही त्यांना तो समजावून सांगायला मी कुठल्याही दिवशी तयार आहे.

कुणी समजून घ्यायला आलं नाही. महिन्याभरात माझी बदली नकाशांच्या विभागात झाली, तिथे कॉम्प्युटर नव्हता. जायच्या दिवशी मी मूळ गठ्ठ्यांच्या कुलपाची किल्ली ताईंच्या नावावर करून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती मागितली. ताई म्हणाल्या, "माझ्या नावावर आहे, साहेब. पोच दिलीय मी." आणि त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकून पंचिंगची मशीन सुरू केली.